उंदरांचा पोळा

पोळ्याच्या आदल्या सांजेला पारशिवनीकडच्या गोठ्यांत बैलांचे खांदे शेकले जातात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना कोमट तूप आणि हळद लावतात, पळसाच्या पानांनी हळूहळू शेकतात, आणि मग घरधनी बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचे निमंत्रण देतो. त्याच सांजेला, नागपुरात, रामदासपेठेतल्या एका संशोधन संस्थेच्या वरच्या मजल्यावर कौसल्या उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर उभी होती. अंगात निळा झगा, डोक्यावर टोपी, हातांत मोजे, तोंडावर पट्टी. खोलीत हवा गाळणाऱ्या यंत्राच्या घरघरीवाचून दुसरे कोणी नव्हते. तरीही तिने एकदा दाराकडे पाहिले. मग ती वाकली, आणि तिचे सासरे बैलांशी बोलत त्याच हलक्या, आर्जवी स्वरात म्हणाली,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पिंजऱ्यांतल्या उंदरांनी मिशा हलवल्या. ते उंदीर बिनकेसांचे होते. गुलाबी, सुरकुतलेले, कातडीखालच्या शिरा मोजून घ्याव्यात असे उघडेवाघडे. परक्या पेशीला हुसकावून लावण्याचे बळच त्यांच्या देहात जन्मतः नव्हते. म्हणून तर त्यांच्या जठराच्या भिंतीत माणसाच्या कर्करोगाची पेशी रुजवता आली होती. डॉक्टर चारुशीला, ज्यांना कौसल्या मॅडम म्हणे, त्यांनी तासन्‌तास भिंगाखाली मान घालून, पापणीच्या केसासारख्या दोऱ्याने ते बोराएवढे जठर शिवले होते. आणि शिवलेल्या प्रत्येक उंदराला शुद्धीवर येईपर्यंत उबेत धरून बसली होती ती कौसल्या.

तिचे काम तेवढेच होते आणि तेवढे मोठे होते. दाणा द्यावा, पाणी द्यावे, भुसा बदलावा, कोणाचे डोळे मिटले, कोण कोपऱ्यात बसले, कोणाची पाठ वाकली ते पाहावे आणि मॅडमला सांगावे. गळ्यात तुळशीची माळ होती. ती झग्याच्या आत जाई. मुखी हरीचे नाम होते. ते पट्टीच्या आत चाले. बाहेरून पाहणाऱ्याला एक निळा झगा पिंजरे पुसताना दिसे. आत मात्र अखंड भजन सुरू असे.

या कामाला ती आली ती पोटासाठी, हे खरे. पण टिकली ती एका पोटाच्या आठवणीसाठी.

तिचे यजमान मनोहरराव कळमन्याच्या बाजारात मापारी होते. शेतकऱ्याचे धान्य काट्यावर घालायचे आणि वजन मोठ्याने पुकारायचे, हा त्यांचा धर्म. ज्यांनी आयुष्यभर पोत्यांचे वजन केले, त्यांच्या स्वतःच्या पोटात काय भरत चालले आहे ते मात्र कोणी काट्यावर घातले नाही. जळजळ होई, सोडा घेत. घास अडे; पाणी पीत. भूक मेली तेव्हा उन्हाळा आहे म्हणाले, आणि अंग झडले तेव्हा मेहनतीने चरबी उतरते म्हणून हसले. अखेर शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले, आणि कौसल्येने बाहेरच्या बाकावर बसून माळ ओढायला घेतली, तोच सर्जन बाहेर आले. इतक्या लवकर का आले, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळले. ते म्हणाले की रोग जठराचा राहिलेला नाही. पोटाच्या आतल्या पडद्यावर साबुदाणा सांडावा तसे दाणे पसरले आहेत. कापण्यासारखे काही उरलेले नाही. उघडले, पाहिले आणि बंद केले.

त्या दिवसापासून कौसल्येने साबुदाणा खाल्ला नाही. एकादशीला शेजारणीने वाटीभर उसळ आणून दिली तर ती हात जोडी, आणि स्वतःसाठी भगर टाकी.

मॅडमकडे आल्यावर एकदा तिने मनातला प्रश्न विचारला होता: गाठ तर एका जागी असते, मग माणूस जातो कसा? मॅडमनी हातातले काम थांबवून सांगितले होते की गाठ सहसा जीव घेत नाही, गाठीचा प्रवास जीव घेतो. जठरातून सुटलेली पेशी पडद्यावर कशी जाते, यकृताला कशी गाठते, तिथे कोणाच्या आधाराने घर करते, हा रस्ता जिवंत देहात डोळ्यांनी पाहता आला पाहिजे. रस्ताच दिसला नाही, तर नाका बसवायचा कुठे? म्हणून हे उंदीर. त्यांच्या पोटात माणसाचा रोग माणसासारखाच चालायला लागला, की मग त्याला अडवणारे औषध त्याच वाटेवर उभे करून बघता येईल.

पण रोग चालेना. पहिल्या खेपेला गाठ वाढली आणि जागीच बसली. दुसऱ्या खेपेलाही तसेच. मॅडमनी पेशी बदलल्या, शिवण बदलली, पेशींना लाल उजेडाची खूण दिली, म्हणजे विशिष्ट दिव्याखाली उंदीर ठेवला की रोग असेल तिथे यंत्राच्या पडद्यावर लाली उमटावी. आता ही तिसरी खेप होती, आणि जनावरांची परवानगी देणाऱ्या समितीने स्पष्ट सांगितले होते की याही वेळी रोग हलला नाही, तर आणखी जीव या कामासाठी देता येणार नाहीत. समितीचे म्हणणे चुकीचे नव्हते. फळाविना किती प्राण घ्यावेत, यालाही सीमा असते.

आणि इथेच कौसल्येची प्रार्थना अडली होती. रोज पहाटे देवापुढे ती बसे, आणि मागायचे काय ते तिला सुचेना. रोग पसरू दे, म्हणावे? ज्या पसरण्याने तिच्या कपाळाचे कुंकू नेले, तेच पसरणे तिने हात जोडून मागावे, आणि तेही ज्यांना आपल्या तळहाताची ऊब दिली त्यांच्या पोटात? रोग पसरू नको दे, म्हणावे? मग हे मुके जीव जातील ते कशासाठी? देवापुढची समई तेवत राही. मागणे घशातच राही. हात जोडलेले राहत, ओठ मिटलेले राहत.

मागता येत नाही, तर निदान मान तरी द्यावा, असे तिच्या मनाने घेतले. पोळ्याचा अर्थ तरी दुसरा काय? जो आपल्यासाठी राबतो, त्याच्यापुढे वर्षातून एकदा आपण वाकायचे.

तिने निष्काळजीपणा केला नाही; उलट फार काळजी घेतली, आणि चूक शिरली ती त्या काळजीच्या फटीतून. या उंदरांना बाहेरचे काही चालत नाही, हे ती जाणून होती. म्हणून घरी शिजवलेले चण्याच्या डाळीचे पुरण तिने उंदरांच्या खाद्याबरोबर वाफेच्या यंत्रातून काढले. त्यांना हिरवे काही द्यायचे नाही, हेही मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी बजावले होते, कारण हिरव्या पाल्यालाही त्या दिव्याखाली लाली येते आणि खरा उजेड ओळखू येत नाही. म्हणून या उंदरांचे खाद्यसुद्धा पांढुरके, पाल्याची पूड नसलेले येई. कौसल्येने हिरवे काही दिले नाही. पुरण पिवळे होते. फक्त पोळ्याचा घास पळसाच्या पानावर वाढायचा असतो. दिराने पारशिवनीहून आणून दिलेली पळसाची पाने तिने बोटभर रुंदीची कापली, तीही वाफेतून काढली, आणि पोळ्याच्या सांजेला पिंजऱ्यांत एकेका तुकड्यावर चिमूटभर पुरण वाढले.

आणखी एक गोष्ट तिने केली, तीही रीतीप्रमाणेच. खोलीत दोन रांगा होत्या. एका रांगेत रोग रुजवलेले उंदीर, दुसऱ्या रांगेत तुलनेसाठी ठेवलेले निरोगी. पोळ्याला गोठ्यातल्या गोऱ्ह्यांना कोणी ओवाळत नाही. ज्याच्या खांद्यावर जू, त्याचा मान. कौसल्येने घास दिला तो फक्त रोग वाहणाऱ्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिंजरे पाहिले तेव्हा पुरणाचा कण उरला नव्हता, आणि पानांच्या जागी शिरांची जाळी तेवढी उरली होती. तिला कौतुक वाटले. पाहुण्यांनी पत्रावळसुद्धा सोडली नाही. तिने ती जाळी हळूच उचलून टाकून दिली.

तो मारबतीचा दिवस होता. शहराला सुट्टी होती. इतवारीकडून महालाकडे मारबतींचे मोठाले पुतळे मिरवत निघायचे होते. रोगराई, दुःख, दैन्य सारे बरोबर घेऊन गावाबाहेर जा, असे लाखो कंठांनी ओरडून सांगायचा तो दिवस. धुलाईखोलीचे रुपराव, जे पिंजरे आणि बाटल्या धूत, ते सकाळपासून कुरकुरत होते की सारे नागपूर रोग बाहेर काढायला रस्त्यावर उतरले आणि आपल्याला मात्र रोग सांभाळत बसायला बोलावले. पण चित्र घेण्याचे यंत्र त्या दिवशी मोकळे होते, आणि मॅडमना उद्यापर्यंत थांबवत नव्हते.

एकेक उंदीर गुंगीच्या वायूने निजवायचा, अंधाऱ्या पेटीत ठेवायचा, दार लावायचे. कौसल्या उंदीर देत होती, मॅडम पडद्याकडे पाहत होत्या. निरोगी रांगेतले उंदीर आधी झाले. पडदा काळाच्या काळा. मग रोग रुजवलेल्या रांगेतला पहिला उंदीर आत गेला, आणि पडद्यावर लाली उमटली.

जठरापाशी एक ठिपका, तो तर अपेक्षितच होता. पण त्याच्या खाली, साऱ्या पोटभर, पहाटेचे तांबडे फुटावे तशी लाली पसरली होती. मॅडमनी दुसरा उंदीर मागितला. लाली. तिसरा. लाली. चौथ्या उंदराच्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते ते त्यांना पुसताही येत नव्हते, कारण हातांत मोजे होते. कौसल्येने आपल्या झग्याच्या बाहीने ते पुसले. मागता न आलेले मागणे देवाने न मागता ऐकले, असे तिला वाटले, आणि त्याच क्षणी हेही जाणवले की पडद्यावरचा तो प्रकाश म्हणजे तिच्या बैलांचे मरण आहे.

मॅडमनी तिथूनच आपल्या वरिष्ठांना फोन लावला. आवाज दबलेला होता, पण आनंद दबत नव्हता. त्या म्हणाल्या की पसरले आहे, पोटाच्या पडद्यावर सगळीकडे पसरले आहे. पशुवैद्य आले की आजच सगळे उंदीर वेदनेविना संपवून पोटे उघडायची, ताजे नमुने घ्यायचे. पलीकडून काही शंका आली असावी. मॅडम हसून म्हणाल्या,

"नाही सर, खाद्याचा उजेड नाही. हिरवं काही पोटात गेलं असतं तर दोन्ही रांगांना दिसलं असतं. निरोगी रांग पूर्ण काळी आहे."

कौसल्येच्या हातात नुकता शुद्धीवर येणारा उंदीर होता. तिचे बोट त्याच्या पाठीवर जागीच थांबले.

हिरवे. दोन्ही रांगा. पान.

मॅडमच्या युक्तिवादात कुठेही चूक नव्हती. त्यांनी हिरव्याची शंका घेतली होती आणि ती तपासलीही होती. पण ज्या रांगेच्या आधाराने त्यांनी ती तपासली, त्या रांगेला कौसल्येने काल पंगतीत बसवलेच नव्हते. तिच्या भक्तीने वाढलेला घास, तिच्या रीतीने निवडलेली रांग, तिने ताट म्हणून मांडलेले पान, आणि ते पान आता पडद्यावर रोग होऊन चमकत होते.

ती उंदीर जागेवर ठेवून धुलाईखोलीत गेली आणि भिंतीला टेकली. रुपरावांनी बाटल्या धुता धुता तिच्याकडे पाहिले आणि पाणी बंद केले. तिने तुटक शब्दांत सारे सांगितले. रुपरावांनी आधी कपाळावर हात मारला, मग दार लोटून घेतले.

"मुकी राय वं," ते म्हणाले. "मॅडमच्या तोंडावर कितीक दिवसानं हासू आलं, पायलं ना तू?"

"पोट उघडल्यावर काई दिसलं नाई तं?"

"तं म्हनतीन का यंत्र बिघडलं. यंत्राले काई नोकरी जाच्याचं भेव हाय का?"

"आन उंदीर, भाऊ?"

"ते तं आज ना उद्या जानारच हायेत ना वं."

कौसल्येने मान वर केली. "जानार हायेत. पन कामाले येऊन जानार हायेत. पेरनीच्या आंधी बैल कोनी कापते का?"

रुपरावांनी मग हळू आवाजात तिला तिच्या लेकीच्या कॉलेजची आठवण दिली, आणि नियम मोडून प्राण्यांना बाहेरचे खाऊ घातल्याबद्दल मागे एका माणसाला त्याच दिवशी घरी पाठवले होते त्याचीही आठवण दिली. ते तिच्या वाईटावर नव्हते. माणूस ज्यांच्याबरोबर भाकर खातो, त्यांना असेच सल्ले देतो.

वेळ थोडा होता आणि मारबतीने तो थोडा वाढवून दिला. पशुवैद्याचा फोन आला की ते महालात गर्दीत अडकले आहेत. मिरवणूक पुढे सरकल्याशिवाय गाडी हलणार नाही. ते समोर असल्याशिवाय उंदीर संपवायचे नाहीत, असा नियम होता. मॅडम शस्त्रक्रियेच्या खोलीत अवजारे मांडत होत्या. बारीक कात्र्या, चिमटे, नमुन्यांच्या कुप्या, सारे ओळीने. काचेच्या पलीकडून कौसल्येला त्यांचे ओठ हलताना दिसले. मॅडम गुणगुणत होत्या. इतक्या महिन्यांत तिने त्यांना गुणगुणताना कधी ऐकले नव्हते.

कौसल्या काचेपाशी उभी राहिली. आत जाण्याला चार पावले होती आणि पाऊल उचलत नव्हते. नाम घ्यावे म्हणून तिने ओठ उघडले, तर नाम येईना. आयुष्यात पहिल्यांदा नाम येईना. सुखात आले होते, दुःखात आले होते, मनोहररावांच्या चितेपाशीही आले होते. आज मात्र जीभ कोरडी पडली होती. आणि तिला कळले की असत्य पोटात धरून नाम मुखात येत नाही. एका घरात दोघे नांदत नाहीत. एकाला बाहेर काढावे लागते.

तिने दार ढकलले.

"मॅडम," ती म्हणाली, "तो उजेड रोगाचा नसन. पळसाच्या पानाचा असन."

चारुशीलांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "कुठल्या पळसाच्या?"

"काल पोळा होता. मी त्याइले जेवू घातलं."

"काय जेवू घातलं?"

"पुरन. हिरवं काई नाई देल्लं, मॅडम. पान निसतं वाढाले होतं, ताट मनून. त्याइनं ताटच खाल्लं."

चारुशीलांनी चिमटा खाली ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरत गेला, सांजेला अंगणातले ऊन भिंतीवरून उतरत जावे तसा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो संशोधकाचा होता.

"दुसऱ्या रांगेला का नाही दिलं?"

"त्याइच्या खांद्यावर जू कुठं हाय, मॅडम? पोळा कामाच्या बैलाचा अस्ते."

चारुशीला स्टुलावर बसल्या. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की दुसऱ्या कशाचा ते कौसल्येला कळले नाही. एरवी त्या संस्थेत पुस्तकी मराठी बोलत. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडी लहानपणची बोली आली.

"काहून नाही विचारलं तुम्ही मले, कौसल्याताई?"

"विचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं."

इतके खरे उत्तर ऐकून चारुशीलांनी डोळे मिटले. मग त्यांनी कौसल्येसमोरच फोन उचलला आणि वरिष्ठांना सांगितले की आजची चित्रे ग्राह्य धरू नयेत; उंदरांच्या पोटात पाला गेला आहे; उद्या नाही, परवा पुन्हा चित्रे घेऊ. चूक कोणाची, ते त्यांनी फोनवर सांगितले नाही. पण फोन ठेवल्यावर त्या कौसल्येला म्हणाल्या की समितीला हे सांगावे लागेल, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत तिने पिंजऱ्यांच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. आवाज शांत होता. तो शांतपणाच कौसल्येला रागापेक्षा जड गेला. ती वाकून नमस्कार करायला गेली, तर मॅडमनी हात धरून तिला उभे केले आणि तोंड वळवले.

संध्याकाळी पशुवैद्य आले ते कपाळाला गुलाल घेऊन, आणि त्यांना परत पाठवण्यात आले. त्या रात्री एकाही उंदराचा जीव गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कौसल्या धुलाईखोलीत रुपरावांशेजारी उभी राहून बाटल्या धूत होती. रुपराव थट्टा करीत होते की पोळ्याला त्यांच्यासाठी कोणी पुरण आणले नाही, त्यांच्या खांद्यावर तर वीस वर्षांचे जू आहे. ती हसली नाही. भिंतीपलीकडे तिचे उंदीर होते, त्यांना दुसऱ्याच कोणाच्या हातून दाणा मिळत होता, आणि त्यांच्या आतड्यांतून पळसाचे पान बाहेर पडत होते. पान गेल्यावर काय उरणार? सारेच काळे उरले, तर तिसरी खेपही वाया जाणार, काम बंद पडणार, रस्ता अंधारातच राहणार. आणि त्या अंधारात आणखी कोणी मनोहरराव सोडा पीत बसणार.

नाम मात्र परत आले होते. पण आता त्याच्या मागे मागणे नव्हते. पसरू दे असे नव्हते, पसरू नको दे असेही नव्हते. जे असेल ते दिसू दे, एवढेही तिने म्हटले नाही. मागणे गळून पडले आणि नाम तेवढे उरले. दाणा पाखडल्यावर फोल उडून जावे, तसे.

चित्रे घेण्याच्या दिवशी तिला आत जायची परवानगी नव्हती. ती काचेबाहेर उभी राहिली. एकेक उंदीर पेटीत जात होता. पडदा तिच्या बाजूला नव्हता. तिला दिसत होती ती मॅडमची पाठ. पहिला उंदीर झाला. पाठ हलली नाही. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी ती पाठ थोडी अधिक वाकत गेली. रुपराव येऊन तिच्या शेजारी उभे राहिले होते. त्यांनी या खेपेला थट्टा केली नाही. रांग संपत आली. पान गेले होते, आणि पानाबरोबर पहाटही गेली होती.

मग एका उंदराच्या वेळी पाठ ताठ झाली.

मॅडमनी पेटी उघडली, उंदीर काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा चित्र घेतले. मग दुसऱ्या कुशीवर निजवून पुन्हा घेतले. मग त्या वळल्या आणि काचेतून कौसल्येकडे पाहून त्यांनी बोटाने खूण केली की आत या. नियमाचे काय, असे कौसल्येने नजरेने विचारले. मॅडमनी पुन्हा तीच खूण केली.

पडद्यावर पहाट नव्हती. जठरापाशी एक ठिपका होता, आणि त्याच्यापासून दूर, पोटाच्या कडेला, राईसारख्या दोन-चार लाल कण्या. बस, एवढेच. चारुशीलांनी सांगितले की बाकीच्या कोणात पसरलेले नाही, पण या एकात रोग चालला आहे. आणि परवाच सगळी पोटे उघडली असती, तर त्या खोट्या लालीत या कण्या वेगळ्या ओळखता आल्या नसत्या. एकात चालला म्हणजे तो चालू शकतो. या कण्यांतल्या पेशी घेऊन पुढच्या उंदरांत रुजवता येतील. एवढे समितीसमोर ठेवता येईल. पुढे समिती म्हणेल ते खरे.

मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या की पशुवैद्य बाहेर आहेत. याला आज संपवायचे आहे. तोपर्यंत तुम्ही धराल का याला?

कौसल्येने मोजे चढवले. उंदीर तिच्या तळहातावर पडला होता, अर्धा गुंगीत, ऊब शोधत. तिने त्याला दुसऱ्या तळहाताने झाकले. आता तूप नव्हते, हळद नव्हती, पळस तर नव्हताच. तिने नुसत्या अंगठ्याने त्याचे खांदे चोळले. हळूहळू, आधी एक आणि मग दुसरा, जसे चोळायचे असतात तसे. पट्टीआड ओठ हलत होते. चारुशीलांनी घाई केली नाही. पशुवैद्यही दारात उभे राहिले.

मग तिने तळहात उघडला.

थोड्या वेळाने ते इवले पोट भिंगाखाली उघडे होते. चारुशीला बाजूला सरकल्या आणि त्यांनी विचारले की बघायचे आहे का. नको असेल तर नको. कौसल्येने भिंगाला डोळा लावला. झिरझिरीत पडदा होता, पाण्यासारखा, आणि त्यावर पांढुरके, अर्धपारदर्शक, गोल दाणे.

बाकावर बसून जे तिने फक्त ऐकले होते, ज्याच्या भयाने तिने वर्षानुवर्षे साबुदाणा तोंडात घातला नव्हता, ते ती आता पाहत होती. ती डोळा काढेना. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"असेच असतीन त्याइच्या पोटात?" तिने विचारले.

"असेच," चारुशीला म्हणाल्या.

कौसल्येने मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज कोरडा आणि स्थिर होता. कळमन्याच्या बाजारात वजन पुकारताना मनोहररावांचा असायचा तसा.

"त्याइचं पोट उघडून बंद केलं होतं, मॅडम. तुमी हे बंद नोका करू."

चारुशीलांनी चिमटा उचलला, भिंगावर वाकल्या, आणि पहिला दाणा अलगद सोडवून कुपीत घेतला.